बत्तीस घरं

आगरवाड्याच्या मीठ सोसायटीत, करकरणाऱ्या पंख्याखाली,
मी एका जुन्या प्रोग्रामचं पोट उघडून बसले आहे.
नावासाठी बत्तीस बाइट.
शहाण्णव साली मेनिनोने ठरवलं.
मेमरी तेव्हा मापून घ्यायची गोष्ट होती, आणि नावं रोमीत.
रोमीत द्रौपदी आगरवाडेकर वीस घरांत मावायची,
मागच्या बारा घरांत शून्यं पाय पसरून निजायची.

मग कधीतरी लिपी बदलली.
घरं बत्तीसच राहिली.

आपलं एक अक्षर तीन घरं धरतं.
काना वेगळा, त्याची तीन.
पाय मोडायची खूण दिसतसुद्धा नाही धड, तिचीही तीन.
अनुस्वार, एवढंसं टिंब, तेही तीन घरं अडवून बसतं
लग्नातल्या मामासारखं.
आणि शेवटचं घर शून्याचं, राखीव:
वाचणाऱ्याला सांगायला, की इथे थांब.

तर द्रौपदीबाई.
नुसतं नाव एकवीस. मधली मोकळी जागा एक.
उरली नऊ, म्हणजे अक्षरं तीन:

द्रौपदी आगर

यंत्राला यात काही खटकलं नाही.
माणसांनाही नाही.
सहा वर्षं पावती फाडली मिठागराच्या नावाने,
आणि बाई जानेवारी ते मे आगरातच उभी,
कोण कशाला शंका घेईल?
बँकेने पैसे परत पाठवले तेव्हा कळलं.

रोक सांतान फुर्तादोचं मात्र लगेच दिसलं असणार.
त्याच्या नावात मोकळ्या जागा दोन.
एका घराने हिशेब सरकला,
आणि कात्री पडली ती थेट फ च्या अंगात.
दोन बाइट आत, तिसरा बाहेर.
पावतीवर काळा चौकोन, टोकावर उभा,
पोटात प्रश्नचिन्ह.
तो म्हणे दर महिन्याला तसाच घडी करून खिशात घालायचा.

“मग जागा वाढव,” द्रौपदीबाई म्हणाली.
वाढत नाही, बाय, मी म्हटलं,
पलीकडे लगेच दुसऱ्याचं काहीतरी राहतं.
नवी, मोठी जागा मागायची,
एकेक अक्षर तिकडे वाहून न्यायचं,
आणि जुनी सोडून द्यायची.
ती हसली. “वाफ्याचंही तसंच.
बांध रेटून वाफा मोठा होत नाही,
शेजारी लेगात उठून येतो.”

सोडलेली जागा कुणी पुसत नाही, हे मी तिला सांगितलं.
नव्या नावामागे जुन्याची शेपटी निघते कधी कधी:
कुणाचा डेकर, कुणाचा रीस.
म्हणून ताबा मिळाला की आधी शून्यं भरून घ्यायची.
यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, मोसमाचं पहिलं मीठ काळं येतं,
गेल्या वर्षीच्या चिखलाचं.
ते आम्ही माडांना घालतो.

कापलेलं मात्र यंत्रात कुठेच नसतं.
फ चा तिसरा बाइट
कुठल्या कोपऱ्यात वाट बघत बसलेला नाही.
तो लिहिलाच गेला नव्हता.
मग कपाटातून कागदी वही काढली,
पानं मिठाने जड, ओलसर,
आणि दोनशे चौदा नावं पुन्हा टंकली, बोटाने ओळ धरून.
आता आधी लांबी मोजते, मग तेवढीच जागा मागते.
मेनिनोला हे सुचलं नसेल असं नाही.
त्याला परवडलं नसेल.

संध्याकाळी, मानशीचं दार उघडायची वेळ झाली तेव्हा
बाई पावती घ्यायला आली.
अख्खं नाव दोनदा वाचलं.
“लांब झालें,” म्हणाली, थोडी नाराज.
“आनी रोकाचें?”

रोक मे महिन्यात गेला. पैसे आता मुलाला जातील.
मी पडदा तिच्याकडे वळवला.
तिने अंगठा नेमका फ वर टेकवला,
शाई वाळली का बघावं तसा,
आणि उचलला.

काचेवर पांढरट ठसा राहिला.
मी पुसायला कापड शोधलं, मग राहू दिलं.